यादीतली दहा नावं

आधी नाव सांगते. नसीमआपा. भोरला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. खाली पिठाची गिरणी, वर क्लास. मला कॉम्प्युटर त्यांनी शिकवला. इंग्रजी अक्षरं न घाबरता वाचायला त्यांनी शिकवलं. चारचौघांत खुर्चीवर बसून चहा प्यायलासुद्धा त्यांनीच शिकवलं. आज घरापासून इतक्या लांब, केरळात बसून मी जे काम करते, तेही त्यांच्या एका पत्रामुळे मिळालेलं आहे. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझं काहीतरी अडखळेल आणि त्यांचं नाव राहून जाईल. एकदा तसं राहून गेलेलं आहे.

खिडकीबाहेर आज भाताची लावणी, आमच्याकडची आवण, चालू आहे. इथं तिला वेगळं नाव आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. पालघाटजवळच्या या लहान गावात आमची आठ माणसांची कचेरी, आणि कचेरीच्या मागच्या भिंतीला लागून भाताची शेतं. सकाळपासून बायका पोटरीभर चिखलात ओणव्या आहेत. बांधावर रोपांच्या जुड्या टाकल्यात. मी पडद्यावरची अक्षरं बघत होते, तेवढ्यात वारा फिरला आणि तो वास आला. उपटलेल्या मुळांचा, गढूळ पाण्याचा, जरा कुजका आणि जरा गोड. मी उठून खिडकी लावली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, पाऊस आत येतोय का? मी हो म्हणाले. पाऊस येत नव्हता. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे मला दोन हजार चार सालच्या पावसाळ्यात कळलं.

आमचं पाली राजगडाच्या पायथ्याला. आवणीच्या दिवसांत गड दिसत नाही. ढग इतका खाली येतो की पलीकडच्या खाचरातल्या माणसाची नुसती हाक ऐकू येते. शहरातली पोरं प्लास्टिकचे कोट घालून गडावर जायला यायची आणि बांधावर उभी राहून वाट विचारायची. एकानं आईला विचारलं होतं, "मावशी, वर चहा मिळेल का?" आई वर न बघताच म्हणाली, "वर ढग मिळंल. च्या हितं पिऊन जा." ती पोरं आमच्या घरी चहा पिऊन गेली. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, कितवीला आहेस? मी आठवी सांगितलं. ते खरं होतं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी चिखलणी करताना वडलांचा पाय औताखाली आला. नववीच्या जुलैत मी शाळेत गेलेच नाही, कारण आवण थांबत नाही. मग भांगलणीसाठी राहिले, मग कापणीसाठी. शाळा वेल्ह्याला होती. पुष्कळ वर्षांनी तिथं दाखला आणायला गेले तेव्हा त्यावर लिहून आलं होतं: सतत गैरहजर, सबब पटावरून नाव कमी केले. मी तो कागद एसटीत तीनदा वाचला. "सबब" म्हणजे "म्हणून", हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, मी काही सबब सांगितली होती असं ते लिहितायत, आणि मला त्याचा राग आला. मी तर कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

भोरला मी मावशीकडे राहायला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मावशीच म्हणाली, टायपिंग तरी शिक. जिना चढून गेले तर समोर चाळिशीच्या एक बाई, डोक्यावरून ओढणी, चष्मा कपाळावर, एका हातानं टाइप करतायत आणि दुसऱ्या हातानं भजी खातायत.

"शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"शेवटपर्यंत गेलेच न्हाई."

"बोटं दहा आहेत ना? मग बस."

ती माझी मुलाखत. पुढच्या चार वर्षांत मला नववीबद्दल त्यांनी परत कधीच काही विचारलं नाही. वर्षभरात मीच नव्या मुलींना शिकवायला लागले. आपा कचेऱ्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका टाइप करायच्या, आणि मधल्या वेळात त्यांचं ते दुसरं काम करायच्या, ज्याचं नाव होतं "पालट".

पालट काय होतं ते सांगायला हवं. त्या काळी मराठी टाइप केलेला कागद एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेला की त्याचं काहीच्या बाही व्हायचं. जो तो फाँट बनवणारा आपल्या मनानं अक्षरं मांडायचा. इथं "अर्जदार" दिसायचं, तिथं उघडलं की नुसती चिन्हं, कंस आणि प्रश्नचिन्हं. आपा म्हणायच्या, अक्षरांना फेफरं आलं. त्यांनी पुस्तकं वाचून, रडतखडत, एक प्रोग्राम लिहिला. जुन्या फाँटमधला मजकूर त्यात टाकायचा, आणि तो कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा नव्या पद्धतीत पालटून बाहेर यायचा. तो त्यांनी इंटरनेटवर खुला ठेवला. नुसता वापरायला नव्हे, तो आतून कसा केलाय तेही उघडं. कुणीही घ्या, बदला, दुसऱ्याला द्या.

"आपा, आन् कुणी पळवला तर?"

"पळवावा म्हणूनच ठेवलाय, संगे."

अट एकच होती. फाइलच्या अगदी वर काम केलेल्या माणसांची यादी असायची. ती काढायची नाही. आपण काही भर घातली तर खाली आपलं नाव लिहायचं. पहिलं नाव आपांचं. मग नागपूरचे एक निवृत्त कारकून, बेळगावचे एक छापखानेवाले, रत्नागिरीच्या एक शिक्षिका, अशी माणसं. आपा त्यांतल्या एकालाही भेटलेल्या नव्हत्या. कुणाची दुरुस्ती आली की ती छापून भिंतीला लावायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "हे बघा, बेळगावकरांनी काय सुंदर केलंय." अर्ज टाइप करायला आलेल्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही. तो म्हणायचा, व्हय व्हय, झ्याक हाय, आमचं कवा व्हनार?

असाच वेल्ह्याच्या पलीकडच्या खोऱ्यातून एक म्हातारे बाबा रस्त्याच्या अर्जासाठी आले होते. अर्ज टाइप झाला, पालटमधून काढला आणि ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर. अर्ज टेबलावर आपटून म्हणाले, "बाई, तुमी माजी पार चेष्टा केली की. सायब म्हन्तो, बाबा, येल्ह्यात समुद्र कुटं हाय, दाव मला."

आपांनी अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "आमचे गाव दऱ्याखोऱ्यांत वसलेले" असं लिहिलं होतं; पालटनं दऱ्यांचा दर्या केला होता. आपला तो आडवा, केसासारखा अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून बहुतेकांनी त्याची फिकीरच केली नव्हती. तो गेला की दऱ्यांचा दर्या होतो, सुऱ्यांचा सुर्या होतो, आचाऱ्याला आचार्य होऊन बसावं लागतं. आपा हसत होत्या. बाबाही मग हसले. "बरं, बंदर मंजूर करून घ्या आता," आपा म्हणाल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी दऱ्यातली मुलगी. मला ते लागलं.

तो र मी हातात घेतला. त्याआधी मी एकदोन बारीक दुरुस्त्या केल्या होत्या, आणि आपांनी मला न विचारता यादीत दहा नावांच्या खाली अकरावं नाव घातलं होतं. छापील अक्षरांत माझं नाव शाळेच्या पटानंतर पहिल्यांदा तिथं आलं. या र नं मात्र माझा जीव काढला. एक फाँट त्याला एका जागी ठेवायचा, दुसरा भलत्याच जागी, तिसरा ठेवायचाच नाही. मी वहीत सतरा फाँटचे रकाने आखले. आपा वाकून बघायच्या आणि चहा ठेवून जायच्या.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात ती सूचना आली. पुण्यातल्या एका संस्थेनं प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धा ठेवली होती. निवडलेल्यांना सहा महिने शिक्षण आणि मग तिथंच काम. त्याखाली तीन शब्द होते: शिक्षणाची अट नाही. मी ते बोट ठेवून वाचले. मावशीला वाचून दाखवले. खिशात कात्रण घेऊन फिरले. आयुष्यात भरलेल्या प्रत्येक कागदावर एक रकाना असायचा आणि तिथं माझं पेन थांबायचं. या कागदावर तो रकानाच नव्हता.

पण वर एक ओळ होती. "प्रकल्प नवीन असावा. सविस्तर नियम संकेतस्थळावर." पालट तीन वर्षांचा होता. माझा र तेवढा नवा. आपांच्या क्लासची टेलिफोनची तार पावसानं आठवडाभर बंद होती, त्यामुळं संकेतस्थळ उघडायचा प्रश्नच नव्हता.

आपा म्हणाल्या, "फोन करून विचार ना. आधीपासून चालू असलेला खुला प्रकल्प चालतो का, एवढंच विचारायचं. फार तर नाही म्हणतील."

मी चौकातल्या बूथवर गेले. वाक्य पाठ केलं होतं. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, माझ्याच वयाची असावी. मी कसंबसं म्हणाले, "स्पर्धेचं विचारायचं होतं." ती म्हणाली, "हो, बोला ना. तुमचं नाव आणि प्रकल्पाचं नाव सांगा, मी सरांना विचारून सांगते."

मी फोन ठेवला.

किती वेळा मी त्या क्षणापाशी जाऊन आले. ती मुलगी नीट बोलत होती. नाव विचारणं हा काही गुन्हा नव्हे. पण मला वाटलं, नाव सांगितलं आणि नाही म्हणाले तर ते माझ्या नावापुढं लिहून ठेवतील. विचारलंच नाही तर निदान नाही म्हटलेलं नसेल. नववी सुटलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. दार लोटून बघण्यापेक्षा ते दाराबाहेर उभं राहतं आणि दार बंदच आहे असं धरून चालतं.

वर गेले. आपा छत्री झटकत होत्या.

"काय म्हणाले?"

"न्हाई चालत म्हणाले."

तीन शब्द. त्यांनी छत्री कोपऱ्यात उघडी ठेवली, टेबलापाशी जाऊन बसल्या आणि अर्धवट राहिलेलं कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र शेवटपर्यंत टाइप केलं. मग खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाल्या, "मग माझं नाव काढ."

"आपा!"

"काय आपा? हा र तुझा आहे की नाही? हे सतरा फाँट कुणी धुंडाळले? त्यांना नवं पाहिजे तर नवं म्हणून दे. दुसरं नाव दे त्याला. माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय मला? मला पुण्याला जायचं होतं तेव्हा अब्बांनी हा जिना दाखवला, इथंच बस म्हणाले. तू तरी जा."

"आन् बाकीचे नऊ जण?"

त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. मला वाटतं, त्या क्षणी मी काही बोलले असते तर त्यांना हवंच होतं. "स्पर्धा झाली की परत लावू," त्या शेवटी म्हणाल्या. "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मी सगळ्यांना नंतर समजावून सांगीन."

त्या शेजारी बसलेल्या असताना मी यादीवर गेले. मी खालून वर पुसत आले, कारण वरून सुरुवात करायचा धीर नव्हता. रत्नागिरी गेली, बेळगाव गेलं, नागपूर गेलं. सगळ्यात वरचं नाव राहिलं तेव्हा माझा हात थांबला. आपांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतः कळ दाबली. "झालं," त्या म्हणाल्या. "आता भजी आण."

पालटचं नाव आम्ही बदलून "अक्षरवाट" केलं. नाव आपांनीच सुचवलं.

पुण्याला आपा माझ्याबरोबर आल्या. नवी साडी नेसल्या होत्या. मी मागं बसते, तू पुढं बोल, असं बजावून मागच्या बाकावर बसल्या. तीन परीक्षक होते. त्यातले सगळ्यात तरुण सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि स्वतः शब्द टाकून बघू लागले. दऱ्या. कऱ्हा. कोऱ्या. वाऱ्यावर. एकेक शब्द नीट बाहेर येत गेला. ते सरळ बसले. "हा र कुणी केला?"

"मी."

"कमाल आहे. हा अजून कुणाला नीट जमलेला नाही."

मी मागं वळून बघितलं. आपांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही. असा आनंद मला नंतर कधी झाला नाही. तो फार तर पाच मिनिटं टिकला.

मग त्यांनी "ज्ञ" असलेले काही शब्द टाकले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आतली फाइल उघडली. वाचत गेले, खाली, वर, परत खाली. मग हळू आवाजात म्हणाले, "हा ज्ञ मी केलेला आहे. पालटसाठी पाठवला होता. यादीत सातवं नाव माझं होतं."

यादीतली नावं म्हणजे माणसं असतात, आणि एखादं माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवता येत नव्हतं. "अहो, पण का?" ते म्हणाले. "नियमात स्पष्ट आहे. आधीपासून चालू असलेला खुला प्रकल्प चालतो. आधीचं कुणाचं, तुम्ही या काळात काय केलं, एवढं वेगळं लिहून द्यायचं. आम्ही तेवढ्याचीच परीक्षा घेतो. हा एकटा र पुरेसा होता."

हा एकटा र पुरेसा होता. हे वाक्य मी अजून उशाला घेऊन झोपते.

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. आपा उभ्या होत्या. "साहेब, या पोरीनं तुमच्याकडं फोन करून विचारलं होतं. तुमच्याच माणसानं नाही सांगितलं. मग आम्ही काय करायचं? भोरची माणसं म्हणजे काय बिनडोक वाटली? आणि नावं तिनं नाही काढली, मी काढायला लावली. शेवटची कळ माझ्या बोटानं दाबली आहे. काय करायचं ते मला करा."

सगळ्यांनी दाराजवळच्या टेबलाकडं बघितलं. तिथं नोंदणी करणारी मुलगी उभी होती. ती गोंधळून म्हणाली, "सर, मी असं कुणालाच नाही सांगितलं. एकीचा फोन आला होता, पण नाव विचारल्यावर तिनं ठेवूनच दिला."

मी तिचा आवाज ओळखला. तिनं माझा ओळखला असावा. ती माझ्याकडं बघत राहिली.

"म्हणजे आमची पोर खोटं बोलते?" आपा म्हणाल्या.

त्या खोलीत मला एक शब्द बोलायचा होता. हो. नुसता हो. मी जमिनीकडं बघितलं. करड्या फरशीवर माझ्या चपलेचा चिखल पडला होता. ज्येष्ठ परीक्षक त्या मुलीला म्हणाले, "फोनवर माहिती देताना काळजी घेत जा. कुणाचं तरी नुकसान होतं." तिचे डोळे भरले. ती "हो सर" म्हणाली. माझा प्रवेश रद्द झाला. नावं काढल्याबद्दल झाला, जुन्या प्रकल्पाबद्दल नव्हे. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

परतीच्या एसटीत कात्रजचा घाट उतरेपर्यंत आपा तिकिटाची घडी घालत आणि उलगडत बसल्या होत्या. शिवऱ्याला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. कुणीतरी ओली भाजीची पाटी माझ्या पायाशी ठेवली. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या टेबलावरच्या पोरीचं मला वाईट वाटतंय गं. नवी असेल. घाबरून नाही म्हणाली असेल, आणि मग कबूल करायला भ्याली. अशा वेळी माणसाचं तोंडच उघडत नाही."

मी बाहेर बघत राहिले. सांगायला मला पूर्ण रस्ता होता. भोरपर्यंतचा.

"भूक लागली का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी तरी डब्यातली चपाती गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी मी पालीला गेले. आवण चालू होती. आमचे तरवे, म्हणजे लावणीची रोपं, त्या वर्षी पाण्यानं कुजले होते, म्हणून खालच्या आळीतल्या तात्यांनी त्यांच्यातले दिले होते. भाताचे तरवे आमच्याकडं कुणी विकत नाही. ज्याचे उरतील तो देतो. मी जुडी सोडून चिखलात पहिली मूठ लावणार, तेवढ्यात आई ओरडली, "आगं थांब! नाव घे की."

मी विसरले होते. दुसऱ्याचे तरवे लावताना आमच्या घरात पहिली मूठ कोपऱ्यात लावतात आणि ज्यानं दिले त्याचं नाव घेतात. मी लहानपणापासून घेत आलेली होते. आता तोंड उघडलं आणि नाव येईना.

"काय झालं? तात्याचं नाव इसरलीस व्हय?"

"आये, नाव न्हाई घेतलं तर काय व्हतं?"

आई कंबर धरून सरळ झाली. इरल्यावरून पाणी गळत होतं. "काय व्हनार? भात यायचं ते येतंच. पर उद्या तात्या बांधावरनं जाईल, तवा त्याच्याकडं बघायचं कसं?"

मी तिथंच चिखलात बसले. आईला वाटलं, चक्कर आली. तिनं मला घरी पाठवलं.

भोरला परत आले तेव्हा आपांनी दोन कामं करून टाकली होती. एक, त्या नऊ जणांना एकेक पत्र लिहिलं होतं, हातानं, एकसारखा मजकूर नाही, प्रत्येकाला वेगळं. चूक माझी, मुलगी लहान आहे, तिनं केलेला र मात्र खरा आहे, असं प्रत्येकात होतं. दोन, पालटची यादी परत लावली होती. मी वाचली. नागपूर, बेळगाव, रत्नागिरी, पुण्याचे ते सर, सगळे जागच्या जागी. शेवटी मी. मोजली तर दहा भरली.

"आपा, तुमचं?"

"माझं राहू दे. ज्या बाईनं दुसऱ्यांची नावं पुसायला लावली, तिनं वर कशाला बसायचं?"

त्यानंतर त्यांनी पालटमध्ये एक ओळही लिहिली नाही. दुरुस्त्या यायच्या, त्या मला म्हणायच्या, तू बघ. भिंतीवरचे कागद त्यांनी काढले नाहीत, पण नवे लावलेही नाहीत. ज्या बाईनं एका हातानं भजी खात हे सगळं उभं केलं, ती पालटचा विषय निघाला की उठून पंख्याचं बटण बघायची.

त्या नऊ पत्रांतल्या एकाला केरळातून उत्तर आलं. यादीतले एक जण इथल्या कचेरीत होते. भारतातल्या भाषांसाठी खुले प्रोग्राम करण्याचं त्यांचं काम. त्यांनी लिहिलं, र करणाऱ्या मुलीला इकडं पाठवा, दाखला लागणार नाही. स्टँडवर सोडायला आपा आल्या होत्या. म्हणाल्या, "बघ, सच्चं काम वाया जात नाही." मी त्यांच्या पाया पडले. त्यांना आवडत नाही, तरी पडले, कारण त्यामुळं तोंड खाली ठेवता आलं.

पाच वर्षं झाली. पालट आता मी सांभाळते. किती तरी लोक वापरतात. यादी लांब झाली आहे, आणि तिच्या वरची जागा अजून रिकामी वाटते, निदान मला. त्यांचं नाव परत घालायला मला एक मिनिट लागेल. फोनवर तीनदा विचारलं. दर वेळी त्या म्हणाल्या, "नको गं, माझ्या हातून चूक झालीय." आणि दर वेळी मी म्हणाले, "बरं." त्यांच्या हातून जी झाली ती माझ्या तीन शब्दांवर उभी आहे, हे त्यांना ठाऊकच नाही. ठाऊक नसताना त्यांचं नाव मी गुपचूप लावलं, तर ती आणखी एक लबाडी होईल. सांगितलं तर त्या नाव लावू देतील कदाचित. पण मग त्या मला "संगे" अशी हाक मारतील की नाही, कुणास ठाऊक. या एका भीतीपायी मी त्यांना पाच वर्षं दोषी ठेवलं आहे. ज्यांनी मला सगळं दिलं त्यांना. एवढं साधं आहे ते, आणि एवढं वाईट.

बाहेरच्या बायका आता दुसऱ्या खाचरात गेल्यात. त्या काय बोलतायत ते मला कळत नाही. कळत नाही तेच बरं वाटतं कधीकधी.

आपा, हे मी फोनवर सांगणार नाही. फोनवर मला खोटंच बोलता येतं. पत्रातही नाही, कारण पत्र वाचताना तुम्ही एकट्या असाल. मी येईन. समोर बसेन आणि सांगेन की त्या दिवशी मी विचारलंच नव्हतं. नाव सांगायची पाळी आली आणि मी फोन ठेवला. तुम्ही बोलाल ते ऐकेन. घालवून दिलंत तर जिन्यात बसेन, आणि दुसऱ्या दिवशी परत वर येईन. तुम्ही हो म्हणालात की यादीच्या वर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहीन, आणि त्याखाली, सगळ्यांना वाचता येईल असं, ते कुणाच्या खोट्यामुळं गेलं होतं तेही लिहीन. पुण्याच्या त्या मुलीचं कसं फेडायचं, मला माहीत नाही. मला तिचं नावही माहीत नाही. पण तुमचं फेडीन, आपा. कधी ते आज सांगायची हिंमत नाही. फेडीन.